तलाव सरकारचा, गाळ कोणाचा?

नागपुरात एमबीए करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी मागच्या वर्षी प्रकल्पाचे कागद घेऊन घरी आली. विषय होता ‘उद्योग-संस्थांमधील सस्टेनेबिलिटी’. इंग्रजी अहवालाचा गोषवारा तिला मराठी आणि उर्दूतही करायचा होता. “सर, शाश्वत लिहू की टिकाऊ?” एवढाच तिचा प्रश्न. मी रामटेकला या दोन्ही भाषा शिकवतो, त्यामुळे असे प्रश्न माझ्याकडे येत असतात.

मराठीत ‘शाश्वत’ हा शब्द आता रूढ झाला आहे. त्याचा मूळ अर्थ मात्र ‘कधीच न संपणारे’ असा आहे आणि माणसाने उभारलेली कोणतीही गोष्ट तशी नसते. उर्दूत याच कल्पनेसाठी ‘पायदार’ हा शब्द वापरतात. शाश्वत विकासाला उर्दू वर्तमानपत्रे ‘पायदार तरक्की’ म्हणतात. फारसीत ‘दार’ म्हणजे असलेला, बाळगणारा. ज्याला पाय आहेत, जो आपल्या पायांवर उभा राहतो, तो पायदार. हा शब्द मला जास्त प्रामाणिक वाटतो. पाय असले की ते थकतात आणि त्यांना जपावे लागते.

तिच्या संदर्भयादीत जगभरातील नावे होती. ‘पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणे’ अशा आशयाची व्याख्या देणारा १९८७ चा ब्रुंटलँड अहवाल होता. नफ्याबरोबर माणसे आणि पृथ्वी यांचाही ताळेबंद मांडा, असे १९९४ पासून सांगणारे जॉन एल्किंग्टन होते. एलिनॉर ऑस्ट्रॉम होत्या. आपल्या भागातील उदाहरण मात्र एकही नव्हते. मी विचारले, “यात मामा तलाव का नाहीत?” ती हसून म्हणाली, “कोणाच्या मामाचा तलाव, सर?”

रामटेक तालुक्यातल्या मुलीने हा प्रश्न विचारावा याचे मला वाईट वाटले, पण दोष तिचा नाही. सरकारी कागदांवर ‘माजी मालगुजारी तलाव’ असे लिहितात. त्यातल्या ‘मा’ आणि ‘मा’चा ‘मामा’ झाला. नाव लाडके झाले आणि त्यामागचा इतिहास पुसला गेला. संस्था कशा टिकतात आणि कशा मोडतात, याचा आपल्या दाराशी असलेला मोठा धडा त्याच इतिहासात आहे.

तलावांचा मुलूख

रामटेकला पाण्याची आठवण फार जुनी आहे. गडावरच्या केवल-नरसिंह मंदिरातील वाकाटककालीन शिलालेखात ‘सुदर्शन’ नावाच्या जलाशयाचा उल्लेख येतो. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीही इथे तलाव बांधणे हे कोरून ठेवण्याजोगे काम होते. गडाच्या पायथ्याचा अंबाळा तलाव आणि मनसरचा तलाव रामटेकला येणाऱ्या कोणालाही माहीत असतात. इथून पूर्वेला भंडारा, गोंदिया आणि खाली चंद्रपूर, गडचिरोलीकडे गेले की गावागणिक तलाव लागतात. नागपूर जिल्ह्याचा काही भाग धरून पूर्व विदर्भातील या पाच जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलावांची संख्या साडेसहा हजारांहून अधिक आहे. लहान तळ्यांना इकडे ‘बोडी’ म्हणतात. त्या वेगळ्याच.

एवढे तलाव का लागले, हे धानाच्या शेतीत दडले आहे. या भागात पाऊस कमी नाही, पण तो वेळेवर थांबत नाही आणि वेळेवर येतही नाही. रोवणी झाल्यावर पावसाने दडी मारली किंवा हस्ताचा पाऊस चुकला, तर ओंबी भरण्याच्या वेळी बांध्या कोरड्या पडतात. त्या वेळी एकदोन पाणी मिळाले तरी वर्ष वाचते. तलाव बारमाही बागायतीसाठी नव्हता. त्याचे काम चार महिन्यांच्या पावसातील खंड भरून काढण्याचे होते. त्यामुळे पाणी कोणाला, कोणत्या दिवशी आणि कोणाच्या आधी, हा प्रश्न जगण्यामरण्याचा होता.

तलाव बांधणाऱ्यांत कोहळी समाजाचे नाव पहिले येते. गोंड राजाने त्यांना काशीकडून आणले, अशी परंपरागत कथा आहे. नवेगाव बांधचा प्रसिद्ध तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. कथेचा भाग बाजूला ठेवला तरी एक धोरण स्पष्ट दिसते. मेजर लुसी स्मिथ यांनी १८६९ मध्ये चांदा जिल्ह्याच्या जमीन-बंदोबस्ताचा अहवाल लिहिला. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याखाली भिजणारी जमीन बक्षीस देण्याची पद्धत ठेवली होती, असे त्यातून कळते. इकडे देवगडच्या गादीवर बख्त बुलंद शाह होता. औरंगजेबाच्या दरबारात इस्लाम स्वीकारलेला आणि अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर शहर वसवणारा हा गोंड राजा. त्याने मेहनती शेतकरी आणि कारागीर जातधर्म न पाहता बोलावून वसवले, अशी त्याची ख्याती पुढे रिचर्ड जेंकिन्सने १८२७ च्या नागपूर राज्याच्या अहवालातही नोंदवली.

बख्त बुलंदचे नाव घेताना आपल्याकडे काहींना त्याचा धर्म आठवतो आणि काहींना त्याचे गोंडपण. मला त्याची व्यवस्था आठवते. खजिन्यातून एकेक तलाव बांधत बसण्यापेक्षा, बांधणाऱ्याचा फायदा तलावाच्या आयुष्याशी जोडून द्यायचा, हे गोंड राजांचे शहाणपण होते. ज्याची जमीन तलावाखाली आहे, त्याला पाळीची भेग सर्वांत आधी दिसते.

मालगुजार आणि वाजिब-उल-अर्ज

१८५४ मध्ये भोसल्यांचे नागपूर राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. पुढच्या बंदोबस्तात इंग्रजांनी गावाचा सारा गोळा करणाऱ्या पाटलांना आणि मक्तेदारांना गावाचे मालकी हक्क दिले. तेच मालगुजार. ‘माल’ म्हणजे महसूल आणि ‘गुजार’ म्हणजे पोचवणारा, भरणारा. शब्दाप्रमाणे हा माणूस महसूल पोचवणारा हमाल. कायद्याने त्याला मालक केले आणि गावाबरोबर तलावही त्याच्या मालकीचे झाले.

याच बंदोबस्तात गावोगावी एक कागद तयार झाला. त्याचे नाव वाजिब-उल-अर्ज, म्हणजे जे मांडणे वाजिब आहे ते. गावाच्या रूढी त्यात लिहिलेल्या असत. गुरे कुठे चरायची, सरपण आणि इमारतीचे लाकूड किती घ्यायचे, तलावाच्या पाण्यावर हक्क कोणाचा, मासे कोणी धरायचे. रोजच्या गरजांच्या या हक्कांना ‘निस्तार’ म्हणत आणि पूर्व विदर्भात हा शब्द आजही जिवंत आहे. उर्दू शिकवणाऱ्या माणसाला हे शब्द बघून गंमत वाटते. कोहळी, ढिवर, गोंड, पोवार यांच्या मराठी-झाडीबोलीच्या गावांचा कारभार फारसी शब्दांत लिहिला गेला आणि तो कोणालाही परका वाटला नाही.

तलावाची रचना साधी होती. मातीची पाळ, जास्तीचे पाणी जायला सांडवा आणि पाणी सोडायला तुडूम. तुडुमाला वरपासून खालपर्यंत एकाखाली एक भोके असत आणि ती लाकडी बुचांनी बंद केलेली असत. तलावाची पातळी उतरेल तसे खालचे बूच काढायचे. त्यामुळे वरचे, तुलनेने स्वच्छ पाणी आधी जाई आणि तळाशी किती उरले हे कोणालाही डोळ्यांनी दिसे. शिल्लक मोजायला अभियंता लागत नव्हता. उन्हाळ्यात तलाव आटला की गाळ काढून शेतात टाकत. तलावाची खोली राखली जाई आणि शेताला खत मिळे. ढिवर मासे धरत आणि शिंगाडा लावत.

मालगुजार हे सगळे धर्मादाय म्हणून करत नव्हता. त्याची स्वतःची घरची शेती, म्हणजे ‘सीर’ आणि ‘खुदकाश्त’ जमीन, बहुधा तलावाखालच्या उत्तम जागी असे. पाळ फुटली तर पहिले नुकसान त्याचे होई. मालक गावात राहत होता आणि नुकसान गावातच होत होते. देखभाल टिकण्याचे मुख्य कारण हेच होते.

पण या व्यवस्थेचे गोडवे गाताना मी थांबतो. पाळीवर माती टाकणारे हात बहुतेक वेळा वेठबिगारीचे होते. तलावातून कोणत्या जातीने कुठे पाणी भरायचे हेही ठरलेले असे. वाजिब-उल-अर्ज लिहिताना बंदोबस्त अधिकाऱ्यापुढे मालगुजाराचा आवाज मोठा होता. रोवणी करणाऱ्या बाया आणि टोपल्या वाहणारे मजूर तिथे बोलले असतील असे मानायला आधार नाही. मालगुजारी गेली ते योग्यच झाले. प्रश्न आहे तो ती कशी गेली याचा.

१९५१ नंतर

मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० मध्ये झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला. तेव्हा नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. मालगुजार गेले, कुळांना जमिनीचे हक्क मिळाले आणि गावाच्या सामायिक गोष्टींबरोबर बहुतेक तलाव सरकारकडे आले. निस्ताराचे हक्क कागदावर राहिले. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर लहान तलाव त्यांच्याकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे.

कायद्याने मालकी उचलून एका हातातून दुसऱ्या हातात ठेवली. मालगुजाराकडून घडणारी कामे मात्र कोणाच्याच नावावर चढली नाहीत. उन्हाळ्यात गाळ कोण काढणार, पहिल्या पावसात पाळीवर रात्री कोण फिरणार, वरच्या शेतकऱ्याने रात्री बूच काढले तर त्याला कोण विचारणार? खात्याकडे यादी होती, निधी तुटपुंजा होता आणि कर्मचारी तालुक्याच्या गावी होता. गावकरी म्हणाले, तलाव सरकारचा आहे. सरकारने गृहीत धरले, पाणी गावकरी वापरतात तर तेच बघतील. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर होते आणि गाळ साचत राहिला.

पुढचे चित्र पूर्व विदर्भात अनेक ठिकाणी सारखे आहे. पाणी साठण्याची क्षमता घटली. पोटात अतिक्रमणे झाली, कारण गाळाची जमीन सुपीक असते. काठावर बेशरमची झाडे माजली. ढिवरांच्या सहकारी संस्थांना मासेमारीचा ठेका मिळू लागला, ही चांगली गोष्ट. पण पाण्यात उत्पन्नासाठी रोहू, कटला, मृगळ सोडले गेले आणि देशी मासे व पाणवनस्पती कमी होत गेल्या. ज्याच्याकडे माशांचा ठेका त्याच्याकडे पाण्याचा हक्क नाही आणि ज्याला पाणी हवे त्याचा माशांशी संबंध नाही. पूर्वी एका गावात एकत्र बसलेले हितसंबंध वेगवेगळ्या कार्यालयांत विभागले गेले.

याच काळात रामटेकजवळ पाण्याची मोठी कामे होत गेली. १८९६–९७ आणि १८९९–१९०० च्या दुष्काळांनंतर इंग्रज सरकारला सिंचनाची निकड कळली होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सूर नदीवर खिंडसीचा मोठा तलाव झाला. पुढे पेंच नदीवर तोतलाडोह आणि नवेगाव खैरीची धरणे आली. आज नागपूर शहराची तहान आणि कोराडी, खापरखेड्याची वीजकेंद्रे पेंचच्या पाण्यावर अवलंबून आहेत. या कामांचे महत्त्व कोणी नाकारू नये. पण धरणाला खाते आहे, अंदाजपत्रक आहे, अभियंता आहे. गावच्या तलावाची मूळ व्यवस्था गेली आणि धरणासारखी नवी व्यवस्था त्याच्या वाट्याला आली नाही.

संशोधन काय सांगते

आता विद्यार्थिनीच्या यादीकडे वळतो. ‘टिकाऊ वापर’ ही कल्पना लेखी मांडणाऱ्या पहिल्या पुस्तकांत हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांचे १७१३ चे जर्मन पुस्तक मोजतात. हे गृहस्थ साधू किंवा कवी नव्हते. ते सॅक्सनीतील चांदीच्या खाणींचे अधिकारी होते. खाणीला आणि भट्ट्यांना लाकूड लागे, जंगल संपत चालले होते आणि लाकूड संपले तर चांदी जमिनीतच राहणार होती. जेवढे वाढते तेवढेच तोडा, हा त्यांचा हिशेब व्यवसायाच्या भीतीतून आला.

हे वाचताना मला मनसर आणि कांद्री आठवले. आमच्या तालुक्यात १९०० च्या सुमारास मँगनीज निघू लागले. १८९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’चा वारसा पुढे १९६२ मध्ये ‘मँगनीज ओअर इंडिया’कडे आला. १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली आणि आज ‘मॉइल’ नावाने शेअर बाजारात आहे. या खाणींनी पिढ्यान्‌पिढ्या रोजगार दिला. पण खनिज एकदा निघाले की परत भरत नाही. तलाव दर मृगाला परत भरतो. खाणीची संस्था सव्वाशे वर्षे कायदे, मालक आणि नावे बदलत टिकली आणि दरवर्षी आपोआप भरणाऱ्या तलावाची संस्था मात्र मोडली. म्हणजे टिकणे हे साधन संपणारे आहे की न संपणारे यावरच ठरत नाही. त्यामागे हिशेब ठेवणारी माणसे उभी आहेत का, यावरही ते ठरते.

१९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी सामायिक कुरणाची शोकांतिका मांडली. सामायिक वस्तू प्रत्येकजण ओरबाडणार, म्हणून तिला खासगी मालक तरी हवा किंवा सरकारी अंकुश तरी, असा त्यातून अर्थ काढला गेला. आमच्या तलावांनी दोन्ही पाहिले, आधी मालगुजार आणि मग सरकार. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात तिसरी शक्यता दाखवली. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, स्वतः राखणदार नेमले आणि चुकणाऱ्याला आधी सौम्य, मग कडक शिक्षा ठेवली, तर सामायिक साधने शतकानुशतके टिकतात. नेपाळमधील शंभराहून अधिक सिंचन योजनांच्या तुलनेत त्यांना आणि सहकाऱ्यांना आढळले की, शेतकऱ्यांनी चालवलेल्या कच्च्या पाटांचे पाणी शेवटच्या शेतापर्यंत अनेकदा सरकारी पक्क्या कालव्यांपेक्षा चांगले पोचते. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या.

त्यांचे एक उदाहरण स्पेनमधील व्हॅलेन्सियाचे आहे. तिथल्या आठ कालव्यांचे शेतकरी आपले प्रतिनिधी निवडतात. हे प्रतिनिधी दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात बसून पाण्याचे तंटे तोंडी ऐकतात आणि तिथेच निकाल देतात. वकील लागत नाही. या पाणी-पंचायतीची परंपरा स्पेनमधील मुस्लिम राजवटीपर्यंत नेली जाते. कालव्यासाठी तिथला शब्द ‘असेकिया’ हा अरबी ‘अस-साकिया’वरून आला आहे. उर्दू शायरीतला पाजणारा ‘साकी’ त्याच धातूचा. २००९ मध्येच युनेस्कोने या पंचायतीला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. मुसलमान राजवट गेली, धर्म बदलला, राजे आणि हुकूमशहा येऊन गेले, तरी गुरुवारची बैठक चालू राहिली. कारण ती राजाची नव्हती, पाणी घेणाऱ्यांची होती.

आमच्या वाजिब-उल-अर्जमध्ये ऑस्ट्रॉम यांच्या कसोटीच्या काही गोष्टी होत्या. हद्द ठरलेली होती, हक्क लिहिलेले होते, देखरेख जवळची होती. नव्हती ती सर्वांत महत्त्वाची गोष्ट, म्हणजे नियम करताना सगळ्या वापरणाऱ्यांचा सहभाग. १९५१ मध्ये ती उणीव भरून काढण्याची संधी होती. मालगुजाराची खुर्ची काढून तिथे कोहळी, ढिवर, गोंड, मजूर आणि बायांची पंचायत बसवता आली असती. आपण तिथे फाइल ठेवली.

आजच्या कंपन्यांच्या सस्टेनेबिलिटी अहवालांकडेही मी याच नजरेने बघतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करायला सांगितले. सेबीने २०२२–२३ पासून सर्वांत मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. ही पावले चांगली आहेत. पण हे अहवाल वरच्या दिशेने लिहिलेले असतात, नियामकाला आणि भागधारकाला उद्देशून. खाणीशेजारच्या किंवा तलावाखालच्या माणसाला तो कागद उघडून ‘यात माझे नाव कुठे आहे’ असे विचारता येते का? वाजिब-उल-अर्ज सदोष होता, पण त्यात गावच्या माणसाला आपला हक्क सापडत होता. स्वतः एल्किंग्टन यांनीही २०१८ मध्ये आपली तिहेरी ताळेबंदाची कल्पना जाहीरपणे ‘परत मागवली’. ती नुसती हिशेबाची रीत होऊन बसली, अशी त्यांची तक्रार होती.

आपल्या अंगणातला गाळ

हा लेख वाचणाऱ्यांपैकी अनेकजण कुठल्या ना कुठल्या समितीवर असतील. मशिदीची, कब्रस्तानची, मदरशाची, शाळेची, पतसंस्थेची. मुस्लिम समाजाकडे टिकाऊ संस्थेची एक जुनी आणि भक्कम कल्पना आहे, वक्फ. हजरत उमर यांना खैबरला चांगली जमीन मिळाली, तेव्हा पैगंबरांनी त्यांना मूळ राखून त्याचे उत्पन्न वाटण्याचा सल्ला दिला, असा प्रसंग हदीसमध्ये येतो. मूळ विकायचे नाही, दान करायचे नाही, वारसात वाटायचे नाही. फळ गरजूंना द्यायचे. औरंगाबादची पाणचक्की याच कल्पनेवर चालली. दूरच्या डोंगरातून नळाने आणलेले पाणी चक्की फिरवी आणि तिचे पीठ बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहमधील फकिरांच्या, मुसाफिरांच्या पोटात जाई.

त्या कल्पनेचे आपण काय केले, ते २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात आहे. देशात सुमारे ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता आणि त्यांचे वार्षिक उत्पन्न अवघे १६३ कोटी रुपये. नीट व्यवस्थापन झाले तर ते १२ हजार कोटींपर्यंत जाऊ शकते, असा समितीचा अंदाज होता. वक्फच्या कायद्यावर आज देशभर वाद चालू आहे आणि तो व्हायलाच हवा. पण कायदा बदलण्याच्या आधीही हा गाळ साचतच होता. मुतवल्ली म्हणजे काळजी वाहणारा. अनेक ठिकाणी तो मालगुजार झाला आणि जिथे त्याला बाजूला केले तिथे बोर्डाची फाइल आली. जमातीतला सामान्य माणूस, आणि बाई तर नाहीच नाही, हिशेबाच्या बैठकीत कधी बसला नाही.

उलट उदाहरणेही आहेत. १८७४ मध्ये बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत सुरू केलेली अंजुमन-ए-इस्लाम दीडशे वर्षांनंतरही शाळा-महाविद्यालये चालवते आहे. संस्थापकांच्या नंतर किती पिढ्या गेल्या! संस्थापकाच्या डोळ्यांदेखत चालणारी संस्था आणि त्याच्या पश्चात चालणारी संस्था यांत फार अंतर असते. आपल्याकडे एखादे तळमळीचे गुरुजी किंवा हाजीसाहेब वीस वर्षे एखादी गोष्ट खांद्यावर वाहतात आणि त्यांच्या जनाज्याबरोबर तीही जाते.

मामा तलावांबाबत अजून उशीर झालेला नाही. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकऱ्यांना गाळ नेता येतो. जुन्या रीतीचेच हे सरकारी रूप आहे. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना अधिकार दिले आहेत. भंडारा-गोंदियात ढिवर बायकांनी बेशरम उपटून, देशी पाणवनस्पती लावून तलाव पुन्हा जिवंत केल्याची उदाहरणे आहेत. ज्यांना वाजिब-उल-अर्ज लिहिताना कोणी विचारले नव्हते, त्यांनीच आज नवा पाठ घालून दिला.

म्हणून माझी वाचकांना एक साधी सूचना आहे. आपण ज्या समितीवर आहात तिचा वाजिब-उल-अर्ज या वर्षी लिहून काढा. घटना आणि नियमावली नोंदणीसाठी असतेच. हा कागद त्याहून वेगळा, दोन पानांचा, सगळ्यांना वाचता येईल अशा भाषेत. दरवर्षी साचणारा गाळ कोणता, तो कोण आणि कोणत्या महिन्यात काढतो. पैसा कुठून येतो आणि शिल्लक बाहेरच्या माणसाला दिसते का. चुकणाऱ्याला कोण विचारतो. आणि ज्याला झळ बसते, तो विद्यार्थी, ती विधवा, तो भाडेकरू, नियम ठरताना खोलीत असतो का. लिहिलेला कागद भिंतीवर लावा आणि दर रमजानच्या आधी त्या दोन पानांवर सगळ्यांसमोर बैठक घ्या.

माझ्या विद्यार्थिनीने गोषवाऱ्यात शेवटी ‘पायदार’ हाच शब्द घेतला आणि मराठीत ‘टिकाऊ’. तिच्या अहवालात आता मामा तलावांवर एक प्रकरण आहे. त्यासाठी ती तालुक्यातल्या एका गावात गेली आणि तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारून तुडुमाचे चित्र काढून आणले. चित्रात भोके सात आहेत. त्यांतली खालची चार गाळाखाली आहेत.